लचक, उसण आणि चोळणारे हात

कापसाची वेचणी ऐन भरात आली, की आमच्या ढाणकीकडच्या गावांतून दिवेलागणीला एक वास सुटतो. लसूण आणि ओवा घालून कढवलेल्या तेलाचा तो वास. घरोघरी कोणी ना कोणी बाजेवर पालथे पडलेले असते आणि घरातले दुसरे कोणी त्याची पाठ चोळत असते. कोणाच्या कमरेत उसण भरलेली, कोणाची मान अवघडलेली, कोणाच्या पोटरीत गोळा आलेला. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात हे ढाणकी आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. कापूस, सोयाबीन, तूर, हळद यांवर जगणारा हा मुलूख. निंदण झाले की डवरणी, ती झाली की फवारणी, मग सोंगणी, मग वेचणी. ही सारी कामे वाकून करायची, नाही तर पाठीवर ओझे घेऊन. सोळा लिटरचा फवारणीचा पंप भरला, की पंपासकट वीस किलोच्या आसपास वजन होते, आणि ते पाठीवर घेऊन दिवसभर ढेकळांतून चालायचे. वेचणीला गेलेली बाई कमरेला ओटी बांधून सकाळपासून वाकलेली असते. संध्याकाळी तिची कंबर बोलली नाही, तरच नवल.

तेव्हा अंग दुखते हे खरे, आणि चोळल्याने बरे वाटते हेही खरे. प्रश्न एवढाच, की चोळल्याने नेमके काय होते, आणि कोठे हात थांबवायचा. मी स्वतः ढाणकीकडे वाढलो आणि पुढे रुग्णालयात भौतिकोपचाराचे, म्हणजे ज्याला सगळे फिजिओथेरपी म्हणतात त्याचे, काम करीत आलो. लहानपणी चोळणारे हात पाहिले, मोठेपणी तेच काम शिकलो. दोन्हीकडचे थोडे थोडे सांगतो.

आपल्याकडे अंगाला तेल लावणे हा नुसता उपचार नव्हे, दिनचर्येचा भाग आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला अभ्यंग म्हटले आहे, आणि वाग्भटाने तर डोके, कान व पाय यांना विशेषेकरून तेल लावावे असे सांगितले आहे. दिवाळीचे अभ्यंगस्नान तुम्हा-आम्हा सर्वांच्या परिचयाचे. बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी बाई गावोगाव असते. तालमीत गेलात तर कुस्ती सुटल्यावर पैलवान एकमेकांचे अंग रगडताना दिसतील. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली जे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले, त्याने या तालमीच्या परंपरेला शिस्त आणि शिक्षणाची जोड दिली. सेवाग्रामला तर याहून वेगळे दृश्य दिसे. कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्रींना लोक जवळ करीत नसत, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. मला नेहमी वाटते, की मालिशीतला अर्धा गुण तेलात नसून, कोणी तरी आपल्या दुखऱ्या अंगाला प्रेमाने हात लावला यातच असावा.

इंग्रजीत केस धुण्याच्या साबणाला शाम्पू म्हणतात ना? तो शब्द आपल्या चंपीवरून गेलेला आहे. पाटण्याकडचा शेख दीन महंमद नावाचा गृहस्थ इंग्लंडात गेला आणि ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्याने वाफेच्या स्नानाचे आणि अंग रगडण्याचे घर थाटले. सांधे धरलेले सरदार-दरकदार त्याच्याकडे रांग लावीत. पुढे तो चौथ्या जॉर्ज राजाच्या आणि त्याच्यामागून विल्यम राजाच्या पदरी या कामासाठी नेमला गेला. आपली चंपी राजवाड्यात पोहोचली ती अशी.

आता चोळल्याने होते काय? पुष्कळांची समजूत असते, की शिरेवर शिर चढलेली असते आणि चोळणारा ती खाली उतरवतो. किंवा मणका सरकलेला असतो आणि जाणता माणूस तो दाबून जागेवर बसवतो. श्रोते हो, शरीरात असे काही होत नाही. शिरेवर शिर चढत नाही. मणके एकमेकांना इतक्या बळकट बंधांनी बांधलेले आहेत, की नुसत्या वाकण्याने ते इकडचे तिकडे होत नाहीत, आणि ज्याला अपघातात खरोखरच मणका सरकण्याइतकी इजा झाली, त्याला अंगठ्याने दाबणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. होते ते असे. थकलेला किंवा जास्त ताणला गेलेला स्नायू आखडतो. आखडला की दुखतो आणि दुखला की माणूस तो आणखी आवळून धरतो. चोळण्याने, शेकण्याने हे चक्र सैल पडते. शिवाय त्वचेवरच्या स्पर्शाची जाणीव मेंदूकडे जाताना दुखण्याच्या जाणिवेची वाट थोडी अडवते. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. खुर्चीला कोपर आपटले की आपला दुसरा हात आपोआप तिथे जाऊन चोळू लागतो, त्यातले इंगित हेच. म्हणजे मालिश दुखण्याचे मूळ उपटत नाही, दुखण्याला थोडी उसंत देते. एवढी उसंतही मोलाची आहे, कारण त्या वेळात माणूस हलू-चालू लागतो, आणि कंबर बरी होते ती हलण्या-चालण्याने.

आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावला, की उसण जाते असा समज. लहानपणी आमच्या शेजारी असा एक पायाळू होता आणि वेचणीच्या दिवसांत त्याला कोण मान असे! आता गंमत पाहा. अचानक भरलेली बहुतेक उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपणच उतरते. मग तिसऱ्या दिवशी पायाळू आला तर श्रेय पायाळूला, पाचव्या दिवशी कोणी मलम विकले तर श्रेय मलमाला. पायाळूचा पाय हलका असेल तर नुकसान काही नाही. पण पाठीवर उभे राहून तुडवायला लावू नका. विशेषतः म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच नाही. उतारवयात, त्यातही बायकांची, हाडे ठिसूळ झालेली असतात. तुडवताना मणका चेपला, की उसण राहते बाजूला आणि म्हातारी अंथरुणाला खिळते.

हल्ली मोबाइलवर आणखी एक प्रकार दिसतो आणि त्याविषयी मला वारंवार विचारतात. एक माणूस टेबलावर पालथा पडलेला असतो, दुसरा त्याची पाठ, मान कडाकड वाजवतो आणि उठल्यावर तो माणूस हसत म्हणतो, दहा वर्षांचे दुखणे गेले. या विद्येला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ हाताने केलेले काम. तिचा जन्म १८९५ साली अमेरिकेत, मिसिसिपी नदीकाठच्या डेव्हनपोर्ट गावी झाला. डॅनियल पामर नावाचा एक गृहस्थ होता. आधी शाळामास्तर, मग किराणा दुकानदार, मग हात फिरवून रोग बरे करणारा. त्याने एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे त्याचे म्हणणे. त्यावरून त्याने ठरवून टाकले, की जवळजवळ सारे रोग मणके जागचे हलल्यामुळे होतात. हे म्हणणे शास्त्राच्या कसोटीला उतरले नाही. बहिरेपणा, मधुमेह, दमा हे पाठ वाजवून बरे होत नाहीत. जो तसे सांगेल त्याच्या दारातून परत फिरा.

पण पामर चुकला म्हणून सगळेच टाकाऊ, असेही नाही. कंबरदुखीपुरते बोलायचे तर पाठीच्या सांध्यांना बेताने झटका देण्याच्या या रीतीने काही लोकांना थोडा गुण येतो, हे तपासून पाहिले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात रुग्णाला नीट समजावून सांगणे, व्यायाम, मालिश आणि पाठीच्या कण्याचे हे हस्तोपचार यांना जागा दिली आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून कंबर ताणणे यांची मात्र नेहमीसाठी शिफारस केलेली नाही. आपल्याकडे घरोघरी खुंटीला कमरेचे पट्टे टांगलेले असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्याच संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. तेव्हा ढाणकीची वेचणारी बाई या दुखण्यात एकटी नाही.

कडाकड आवाजाचे काय? तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला, की त्या द्रवात पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडताना होते तेच. बोटे मोडल्याने संधिवात होतो असे आजी सांगायची. अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरने आईचे हेच म्हणणे पडताळायचे ठरवले. साठ वर्षे त्याने फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्याची मोडली नाहीत. शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले. एका माणसाच्या दोन हातांवरून शास्त्र ठरत नाही हे कबूल, पण चिकाटी पाहा! तात्पर्य, आवाज झाला म्हणजे गुण आला असे नव्हे, आणि नाही झाला म्हणजे पैसे वाया गेले असेही नव्हे.

मात्र मान ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे मी हात जोडून सांगतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. मान एकदम पिळली तर क्वचित त्या वाहिनीचे आतले अस्तर फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. हे हजारांत एकदाही घडत नसेल, पण ज्याच्या घरी घडते त्याचे घर बसते. दाढी-कटिंग झाल्यावर डोके दाबून, शेवटी हनुवटी धरून मान दोन्हीकडे कडकन मोडायची, ही दुकानातली जुनी रीत आहे. गिऱ्हाइकालाही ती आवडते. २०१७ साली दिल्लीकडे एका माणसाची मान अशी मोडल्यावर श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले, ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रांतून आली होती. आपले नाभिक बंधू काही वाईट हेतूने करीत नाहीत. त्यांना एवढेच सांगा, दादा, डोके हवे तितके दाबा, मान तेवढी मोडू नका. आणि मान मोडल्यानंतर त्या दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत चक्कर, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, मानेत कधी नव्हे अशी कळ, यांपैकी काही झाले तर तेल शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि मान मोडली होती हे डॉक्टरला आठवणीने सांगा.

कायरोप्रॅक्टिक शिकायला किती वेळ लागतो हेही ऐकून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या पुस्तिकेप्रमाणे नव्याने शिकणाऱ्याला किमान ४२०० तासांचे शिक्षण हवे. भारतात या विद्येची वेगळी सरकारी नोंदणी नाही. त्यामुळे कोणीही पाटी लावू शकतो. मोबाइलवर चार चित्रे पाहून मान पिळणारा आणि वर्षानुवर्षे शिकून आलेला, या दोघांची पाटी बाहेरून सारखीच दिसते.

आता हाडवैद्यांविषयी. त्यांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. इंग्लंडात १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित शस्त्रवैद्याने आपल्याच डॉक्टर मंडळींपुढे हाडवैद्यांच्या हाती बऱ्या होणाऱ्या दुखण्यांवर व्याख्यान दिले, आणि त्यांच्याकडून जे चांगले ते घ्या, जे वाईट ते टाळा, असा त्याचा आशय होता. ह्यू ओवेन थॉमस हा तर हाडवैद्यांच्याच घराण्यात जन्मलेला डॉक्टर. त्याने बसवलेली लोखंडी चौकट पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य शिपायांचे प्राण वाचवून गेली, आणि अजूनही रुग्णालयांत तिला थॉमसचेच नाव आहे. म्हणजे हाताचे कसब खोटे नसते. पण हाताला आत काय मोडले आहे ते दिसत नाही. ते क्ष-किरणाला दिसते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. चिंचेच्या झाडावरून पडला आणि त्याचे उजवे कोपर सुजले. घरच्यांनी एका हाडवैद्याकडे नेले. त्याने कोपर ओढले, पाल्याचा लेप दिला आणि बांबूच्या कामट्या लावून कापडाने आवळून बांधले. त्या रात्री तो इतका रडला, की चार घरे सोडून आम्हाला ऐकू येत होते. हाड जुळताना दुखणारच, असे सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो रडायचा थांबला, तेव्हा आई म्हणाली, आता उतार पडतो आहे. खरे तर बोटांतली जाणीवच गेली होती. चौथ्या दिवशी बोटे काळीनिळी दिसू लागली, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेले. हात कापावा लागला नाही, हे त्याचे नशीब. पण पंजा आत वळला तो वळलाच. बोटे आज पन्नास वर्षांनंतरही उघडत नाहीत. तो सही डाव्या हाताने करतो आणि सुतळीची गाठ दाताने सोडतो. जर्मनीतल्या फोल्कमान नावाच्या डॉक्टरने १८८१ सालीच हे लिहून ठेवले होते, की आवळून बांधल्याने स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला तर हात असा वाकडा होतो. ज्याने बांधले तो माणूस लबाड नव्हता. त्याने पैसेही घेतले नव्हते. म्हणून त्याच्यावर राग तरी कसा धरावा, हे मला अजून कळत नाही.

काही दुखणी अशी असतात, की ती सांध्याची वाटतात पण चोळण्याची नसतात, आणि आपल्या जिल्ह्यात ती विशेष आहेत. पैनगंगेच्या काठच्या जंगलात, ज्याला आपण बंदीभाग म्हणतो त्या बाजूला, आदिवासींच्या आणि इतरही काही समाजांच्या घरांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. विदर्भभर तो आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनी त्या चाळवतात. पोर रात्री उठून पाय धरून ओरडते आणि घरचे वात आहे म्हणून रगडत बसतात. अशा वेळी ऊब द्या, भरपूर पाणी पाजा आणि दवाखान्यात न्या. जोराने रगडू नका. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी होते. गुरुजी आणि बाई, वर्गातले एखादे पोर वारंवार हातपाय दुखतात म्हणून गैरहजर राहत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या आईबापांना तपासणीचे सांगा. लग्न जुळवतानाही मुलामुलीचे रक्त तपासलेले बरे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक मूल आजारी निघण्याची शक्यता असते.

जिल्ह्याच्या पूर्वेला, पांढरकवडा, झरी जामणी भागात काही विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की आधी मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग पडतात, पुढे मोठ्यांची पाठ, मान, गुडघे ताठ होतात. त्या पाठीला तेलाचा डबा संपवला तरी उपयोग नाही, पाणीच बदलावे लागते. एका वस्तीत अनेकांचे सांधे धरलेले दिसले, तर ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या.

चिकनगुन्याची तर आठवण अजून ताजी असेल. २००६ साली महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली आणि ताप गेल्यावरही लोक महिनोन्‌महिने भिंत धरून चालत होते. सांधा सुजलेला, लाल, गरम असेल तेव्हा तो चोळायचा नाही. त्याला विश्रांती द्यायची. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांच्या बोटांचे बारीक सांधे तास-तासभर आखडून राहत असतील, तर तो संधिवात असू शकतो. त्याला वेळीच औषध मिळाले तर बोटे वाकडी होत नाहीत. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणे असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. क्षयाचे औषध सरकारात फुकट मिळते. त्या पाठीला झटका देणे फार धोक्याचे. एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली तर तीही रगडू नये, आत रक्त गोठलेले असू शकते. आणि कंबरदुखीत पायाची ताकद गेली, बसण्याची जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा नकळत झाली, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहू नये.

गुडघ्यावर डाग देणे, बिब्बा घालणे हे आता सोडून द्या. बिब्ब्याने कातडी जळते, फोड येतात आणि त्या जखमेच्या आगीत गुडघा विसरला जातो एवढेच. बाजारात पुडीत बांधलेले, नाव-गाव नसलेले चूर्ण मिळते. घेतले की दोन दिवसांत गुडघा पळू लागतो. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केले तर माणूस कोसळतो.

मग घरी करावे काय? तेल कोणतेही चालते. तिळाचे, करडईचे, जवसाचे, मोहाचे. तेल कोमट असावे, हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहावे. तळवा पसरून, हळू, आधी हलका आणि मग बेताचा दाब देत दहा-पंधरा मिनिटे चोळावे. पाठीच्या कण्याच्या हाडावर दाब देऊ नये, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर द्यावा. ज्याला चोळता तो दात आवळू लागला, की दाब जास्त झाला असे समजावे. दुखले म्हणजे गुणकारी, हा हिशेब खोटा आहे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतात, तोही घ्यावा. ऊब लागते ती बरी वाटते. पण मधुमेही माणसाच्या पायाला शेक देताना फार जपावे, त्याला चटका कळत नाही. पाय नुकताच मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस चोळू नये. गार पाण्याची पट्टी ठेवावी आणि पाय उंचावर घ्यावा.

आणि चोळण्याबरोबर हालचाल. नुसते पडून राहिले तर कंबर आणखी आखडते. गुडघेदुखीवाल्या आजींनी बाजेच्या काठावर बसावे, एक पाय सरळ करून मांडी आवळावी, दहा आकडे मोजावे, सोडावे. दहा वेळा हा पाय, दहा वेळा तो. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. वेचणी करताना अर्ध्या-पाऊण तासाने सरळ उभे राहून कमरेवर हात ठेवून मागे झुकावे. ओटी जड होण्याआधीच धुऱ्यावर रिकामी करावी. पोते उचलताना कमरेतून वाकण्याऐवजी गुडघ्यात वाकावे आणि पोते अंगाजवळ धरावे. मुकादम म्हणेल, किती वेळा उभी राहतेस? त्याला म्हणावे, उद्याही यायचे आहे मला.

शाळेसाठी दोनच गोष्टी. मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे. पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो. एखाद्या सोमवारी तराजू आणून वर्गातच मोजून पाहा. आणि मैदानावर कोणी पडले, हात वाकडा दिसला, तर तो ओढून सरळ करू नका. आहे त्या स्थितीत पट्टी किंवा घडी केलेले वर्तमानपत्र लावून रुमालाने सैल बांधा, झोळी गळ्यात घाला आणि १०८ ला फोन करा. बांधल्यावर दर थोड्या वेळाने बोटाचे नख दाबून पाहा. दाबले की पांढरे होईल, सोडले की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. नाही झाले, बोटे गार पडली किंवा बधिर झाली, तर बांधलेले लगेच सैल करा. मग ते कोणीही बांधलेले असो. हे मुलांनाही शिकवा. एकमेकांची नखे दाबून पाहताना त्यांना तो खेळच वाटतो. घरी जाऊन ती आजोबांचीही नखे दाबून पाहतील. पाहू द्यावीत.